‘कांदा साठवण कशी करावी’: पोस्टग्रेसमध्ये अनेक शब्दांचा शोध आणि क्रमवारी

शोधाच्या चौकटीत माणूस एकच शब्द टाकतो तेव्हा डेटाबेसचं काम सोपं असतं. दोन-तीन शब्द आले की गोंधळ सुरू होतो. सगळे शब्द असलेलेच लेख मागितले तर निकाल शून्य, कुठलाही एक शब्द चालेल म्हटलं तर निकाल चार हजार, आणि त्यात हवा तो लेख सत्तराव्या जागी.

या लेखात उदाहरण घेतलंय शेतीविषयक सल्ल्याच्या लेखांचं. समजा, टेबलात १२,००० लेख आहेत आणि प्रत्येकाला शीर्षक, पिकांची नावं, सारांश आणि मजकूर असे चार कॉलम आहेत. वाचक ‘कांदा साठवण कशी करावी’, ‘सोयाबीन पिवळा मोझॅक उपाय’, ‘गुलाबी बोंड अळी’ असं लिहून शोधतात. डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल, आवृत्ती १३ किंवा पुढची. इलॅस्टिकसर्चसारखं वेगळं यंत्र उभं करण्याआधी पोस्टग्रेसच्या पोटातलाच शोध नीट वापरून पाहावा. काही लाख नोंदींपर्यंत बहुतेकांचं त्यावर भागतं.

एक सूचना आधीच: फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि अंडरस्कोअरसकट लिहायची.

चार दारं, त्यातलं कुठलं उघडायचं

वाचकाच्या शब्दांपासून टीएसक्वेरी (पोस्टग्रेसला समजणारं शोधाचं रूप) बनवायला पोस्टग्रेस चार फंक्शनं देतं. टू_टीएसक्वेरी हे सगळ्यात कडक. त्याला शब्दांमध्ये & किंवा | लागतो (पहिलं चिन्ह ‘आणि’साठी, दुसरं ‘किंवा’साठी), आणि वाचकाने नुसतं ‘कांदा साठवण’ लिहिलं की ते सिंटॅक्स एरर देऊन मोकळं होतं. वाचकाचा मजकूर त्यात थेट कधीही घालू नका. प्लेनटू_टीएसक्वेरी सगळ्या शब्दांमध्ये & घालतं. फ्रेझटू_टीएसक्वेरी (९.६ पासून) शब्द त्याच क्रमाने शेजारी शेजारी हवेत असं धरतं. वेबसर्च_टू_टीएसक्वेरी (११ पासून) अवतरणचिन्हं, वजाचं चिन्ह आणि इंग्रजी ‘ऑर’ समजून घेतं आणि वाचकाने काहीही लिहिलं तरी एरर देत नाही. आपला ‘किंवा’ मात्र त्याला एक साधा शब्दच वाटतो.

बहुतेक ठिकाणी सरळ वेबसर्च लावून विषय संपवतात. इंग्रजी मजकुराला ते बऱ्यापैकी चालतं, कारण ‘इंग्लिश’ कॉन्फिगरेशन शब्दांचे प्रत्यय कापतं आणि फुटकळ शब्द गाळतं. मराठीला यातलं काहीच मिळत नाही. पोस्टग्रेसमध्ये तमिळ आणि नेपाळीचे स्टेमर (प्रत्यय कापणारे भाग) आवृत्ती १२ मध्ये आले, हिंदीचा १४ मध्ये. मराठीचा नाही. त्यामुळे ‘सिंपल’ कॉन्फिगरेशन वापरावं लागतं, आणि त्याला ‘कांदा’ आणि ‘कांद्याची’ हे दोन परके शब्द वाटतात. हिंदीचा स्टेमर मराठीवर चालवायचा मोह टाळा. ‘च्या’, ‘साठी’, ‘वरील’ यांच्याशी त्याची ओळखच नाही.

म्हणजे काम दोन भागांत आहे. आधी शब्द एका रूपात आणायचे, मग क्रम लावायचा. पहिला भाग कच्चा ठेवून दुसऱ्यावर कितीही घाम गाळला तरी उपयोग नाही.

पहिलं फंक्शन: अक्षरं एका वळणावर

हे फंक्शन इंडेक्स बनवतानाही चालवायचं आणि वाचकाच्या शब्दांवरही. याची कामं याच क्रमाने करा:

१. नॉर्मलाइझ फंक्शनने मजकूर एनएफसी (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या जुळण्यांसाठी युनिकोडने ठरवलेलं एकच) रूपात आणा (हे फंक्शन आवृत्ती १३ पासून आहे).

२. न दिसणारी दोन चिन्हं काढून टाका: जोडणारं शून्य-रुंदीचं चिन्ह (युनिकोड २००डी) आणि तोडणारं (२००सी).

३. ‘ऱ’ चा ‘र’ करा.

४. दीर्घाचं ऱ्हस्व करा: ‘ी’ची ‘ि’, ‘ू’चा ‘ु’, ‘ई’ची ‘इ’, ‘ऊ’चा ‘उ’.

५. देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदला. ट्रान्सलेट फंक्शनने चौथी आणि पाचवी पायरी एका फटक्यात होते.

६. विरामचिन्हं, दंड, कंस आणि शब्दांच्या मधल्या आडव्या रेघा यांच्या जागी मोकळी जागा टाका.

दुसरी आणि तिसरी पायरी ‘शेतकऱ्यांना’ या एका शब्दासाठीसुद्धा करण्यासारखी आहे. काही कीबोर्ड हा शब्द ‘ऱ’ वापरून लिहितात, काही ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ते वेगळे असतात. एनएफसी त्यांना एक करत नाही. वरच्या दोन पायऱ्यांनंतर दोन्हींचं ‘शेतकर्यांना’ होतं आणि भांडण मिटतं. याची किंमत म्हणजे ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ एकाच पंगतीत बसतात. शेतीच्या लेखांत ते परवडतं, स्वयंपाकाच्या संकेतस्थळावर विचार करावा लागेल.

चौथी पायरी शुद्धलेखनाच्या चुकांसाठी आहेच, पण त्याहून जास्त व्याकरणासाठी आहे. पीक–पिकाला, तूर–तुरीची, ऊस–उसाला, भुईमूग–भुईमुगाचे: मराठीत उपान्त्य दीर्घ स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. सगळंच ऱ्हस्व केलं की ‘पिक’ आणि ‘पिकाला’ निदान सुरुवातीपुरते जुळतात. दिन आणि दीन एक होतात, ते होऊ द्या.

सहाव्या पायरीतली आडवी रेघ का काढायची, ते खताच्या पिशवीवर दिसतं. १०-२६-२६ हे पोस्टग्रेसच्या पार्सरला दिलं की त्याला दहा, उणे सव्वीस आणि उणे सव्वीस असे तीन आकडे दिसतात. मग ‘२६’ शोधणाऱ्याला काही सापडत नाही. वाचकाला वजाचं चिन्ह ‘हा शब्द नको’ या अर्थाने वापरू द्यायचं असेल, तर आधी मोकळी जागा आणि पुढे लगेच अक्षर असेल तेव्हाच ते तसं धरा, आणि ही तपासणी सफाईच्या आधी करा.

दुसरं फंक्शन: प्रत्यय कापणं

शब्दाची सुरुवात जुळली की पुरे, म्हणजे ‘कांद’ पुढे :* लावलं की झालं, असं वाटू शकतं. कांदा, कांदे, कांद्याची हे तिन्ही सापडतात खरे, पण सोबत ‘कांदळवन’ही येतं. ‘कापूस’ आणि ‘कापसाचे’ दोन्ही हवेत म्हणून ‘काप’ धरावं तर सगळी ‘कापणी’ दारात. म्हणून :* फक्त टाइप करता करता सूचना दाखवण्यापुरतं ठेवा. मुख्य शोधाला प्रत्यय कापणारं छोटं फंक्शन लिहा.

ते एका शब्दावर असं चालतं:

– शब्दाच्या शेवटी पुढच्यापैकी काही असेल तर कापा, सगळ्यात लांब आधी: मध्ये, पासून, बद्दल, करिता, वरील, साठी, मुळे, च्या, हून, चा, ची, चे, चं, ला, ना, ने, नी, वर. कापल्यावर निदान ३ युनिकोड चिन्हं उरायला हवीत, नाहीतर कापू नका.

– हेच आणखी एकदा करा, कारण ‘पिकांसाठीचे’ यात दोन प्रत्यय एकावर एक आहेत.

– ‘त’ एकटा कापू नका, नाहीतर ‘शेत’चं ‘शे’ होईल. आधी ‘ा’ किंवा ‘ां’ असेल तरच कापा: पाण्यात, शेतात, पिकांत.

– शेवटी अनुस्वार उरला असेल तर काढा. मग शेवटी ‘्या’ असेल तर ते, नाहीतर ‘ा’, ‘ि’, ‘ु’, ‘े’, ‘ो’ यापैकी असेल ती मात्रा काढा. इथे निदान २ चिन्हं उरावीत.

‘कांद्याची’ कसा जातो पाहा. सफाईनंतर ‘कांद्याचि’. ‘चि’ गेलं, ‘कांद्या’ उरलं. ‘्या’ गेलं, ‘कांद’ उरलं. ‘कांदा’ आणि ‘कांदे’ यांचीही मात्रा जाऊन ‘कांद’च उरतं, आणि ‘कांदळवन’ जसंच्या तसं राहतं. ‘सोयाबीनवरील’चं ‘सोयाबिन’ होतं, ‘हरभऱ्याचा’ आणि ‘हरभरा’ दोन्हींचं ‘हरभर’, ‘फुलकिड्यांचा’ आणि ‘फुलकिडे’ दोन्हींचं ‘फुलकिड’.

इथे हमखास होणारी चूक: प्रत्ययांची यादी ‘ची’, ‘वरील’, ‘साठी’ अशी दीर्घ मात्रांनी लिहिली जाते. पण शब्द तर आधीच ऱ्हस्व झालेला असतो. त्यामुळे ‘ची’ कधीच जुळत नाही आणि ‘चा’ मात्र जुळतो. निम्मा शोध चालतो, निम्मा नाही, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. यादीसुद्धा पहिल्या फंक्शनमधून काढूनच ठेवा.

उरलेला शब्द व्याकरणात शुद्ध असायची गरज नाही. ‘फवारण’ किंवा ‘करप’ असं काही वाचकाला दिसणार नाही. दोन्ही बाजूंनी तेच उरलं की काम झालं. पण काही शब्दांत दोन बाजूंनी वेगळं उरतं, त्यासाठी अपवादांची यादी हवी: कापूस–कापस, पाऊस–पावस, गहू–गव्ह, म्हैस–म्हश. ‘भाजीपाला’ही त्यातच घाला, कारण त्याचा ‘ला’ प्रत्यय समजून कापला जातो, ‘भाजीपाल्याचे’ मधला मात्र राहतो. आणि ‘मिरची’ विसरू नका: तिचं ‘ची’ गेलं की ‘मिर’ उरतं, आणि ‘मिरे’चंही ‘मिर’च होतं. हिरव्या मिरचीवरच्या लेखांत काळी मिरी शिरते ती अशी. शे-दीडशे अपवादांत शेतीचा शब्दसंग्रह बराचसा सावरतो.

टेबल आणि इंडेक्स

आता तिसरं फंक्शन: मजकुराचे शब्द पाडायचे, प्रत्येकावर वरची दोन्ही फंक्शनं चालवायची, आणि मूळ क्रमाने परत जोडायचं. शब्द पाडताना रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या ‘शब्दाचं अक्षर’ या तयार वर्गावर विसंबू नका. मात्रा त्यात धरायच्या की नाही हे सर्व्हरच्या लोकेलवर (भाषेच्या सेटिंगवर) ठरतं. मोकळ्या जागेवरच तोडा. परत जोडताना विथ ऑर्डिनॅलिटी लावून क्रम राखा, नाहीतर शेजारचे शब्द शोधणारी क्वेरी निकामी होते.

मग टेबलाला टीएसव्हेक्टर (शोधासाठी शब्द आणि त्यांची स्थानं ठेवणारा) प्रकारचा जनरेटेड, म्हणजे इतर कॉलमांवरून आपोआप भरणारा, कॉलम जोडा (आवृत्ती १२ पासून). शीर्षकाला सेटवेटने ‘ए’ वजन, पिकांच्या नावांना ‘बी’, सारांशाला ‘सी’, मजकुराला ‘डी’. चारही || ने जोडा. प्रत्येक कॉलम कोअलेसमध्ये गुंडाळा, कारण एक जरी नल (रिकामा) असला तर जोडलेला सगळा व्हेक्टर नल होतो आणि लेख शोधातून गायब.

इथे ‘जनरेशन एक्स्प्रेशन इम्युटेबल नाही’ अशी एरर आली तर कारण बहुधा टू_टीएसव्हेक्टरला एकच आर्ग्युमेंट दिलं हे असतं. पहिलं आर्ग्युमेंट म्हणून ‘सिंपल’ स्पष्ट द्या. आपली फंक्शनंही इम्युटेबल (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारी) म्हणून जाहीर करावी लागतात, आणि म्हणून अपवादांची यादी टेबलातून वाचण्याऐवजी फंक्शनच्या आतच लिहिलेली बरी. फंक्शन बदललं तरी साठवलेला कॉलम आपोआप बदलत नाही, हे लक्षात ठेवा. प्रत्येक ओळीचं शीर्षक त्याच शीर्षकाने अपडेट केलं की नव्याने मोजणी होते.

कॉलमवर जिन इंडेक्स (कुठला शब्द कुठल्या ओळींत आहे याची सूची) टाका. त्यात शब्दांची स्थानं आणि वजनं नसतात, त्यामुळे शेजारच्या शब्दांच्या क्वेरीला मूळ ओळी पुन्हा तपासाव्या लागतात. ती संथ वाटली तर दोष इंडेक्सचा नाही.

सगळं झाल्यावर टीएस_डीबग फंक्शनला आठ-दहा मराठी शब्द देऊन पाहा. एक शब्द अखंड एका ओळीत आला पाहिजे, मात्रेपाशी तुटता कामा नये. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ मध्ये नेमकं हेच होतं. त्याचा युनिकोड६१ हा टोकनायझर मूळ सेटिंगमध्ये अक्षरं आणि अंक धरतो, मात्रा आणि अनुस्वार मात्र शब्द तोडणारी चिन्हं समजतो. ‘कांदा’चे ‘क’ आणि ‘द’ होतात. टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये ‘एमएन’ आणि ‘एमसी’ (मात्रा-अनुस्वारांचे युनिकोड वर्ग) वाढवले की प्रश्न सुटतो. मायएसक्यूएलचं दुखणं वेगळं: इनोडीबी या त्याच्या नेहमीच्या साठवण इंजिनात मूळ सेटिंगला शब्दाची किमान लांबी ३ अक्षरं असते, त्यामुळे ‘ऊस’ इंडेक्समध्ये जातच नाही. पश्चिम महाराष्ट्रात तो शोध घेऊन जाऊ नये.

वाचकाचे शब्द: काय गाळायचं, काय जोडायचं

‘कांदा साठवण कशी करावी’ या चार शब्दांत कामाचे दोनच. कसा-कशी-कसे, काय, करावे-करावी, आहे, आणि, व, माहिती: अशी तीस-चाळीस शब्दांची यादी करा आणि ते फक्त क्वेरीतून गाळा. इंडेक्समधून गाळू नका, तिथे त्यांचा त्रास नाही. यादीतले शब्द काढल्यावर काहीच उरत नसेल तर गाळणं रद्द करा. ‘उपाय’ हा शब्द या यादीत टाकावासा वाटतो, पण टाकू नका. त्याचं वजन पुढे आपोआप कमी होतं.

उरलेल्या प्रत्येक शब्दावर प्रत्यय कापणारं फंक्शन चालवा, त्याची प्लेनटू_टीएसक्वेरीने स्वतंत्र टीएसक्वेरी बनवा आणि त्या && आणि || या (‘आणि’, ‘किंवा’ अर्थाच्या) ऑपरेटरांनी जोडा. स्ट्रिंग चिकटवत बसलात तर वाचकाच्या एका कंसाने किंवा अपूर्णविरामाने क्वेरी मोडेल. शेवटी नमनोड फंक्शनने आकार पाहा. तो शून्य असेल तर डेटाबेसकडे जाऊच नका.

बोंडअळीचं काय करायचं? लेखात ‘बोंडअळी’, वाचकाच्या बोटांत ‘बोंड अळी’. मराठीत सामासिक शब्द जोडून लिहायचे की तोडून, यावर लिहिणाऱ्यांचंच एकमत नाही, वाचकाला दोष कशाला? प्रत्येक शेजारच्या जोडीसाठी जोडलेलं रूपही पर्याय म्हणून द्या: (बोंड & अळी) | बोंडअळी. ‘गुलाबीबोंड’ असा निरर्थक शब्दही यात तयार होतो, पण तो इंडेक्समध्ये नसल्याने काही बिघडत नाही. उलट बाजू, म्हणजे वाचक जोडून लिहितो आणि लेखात तोडून आहे, हे यंत्राला ओळखता येत नाही. त्यासाठी समानार्थी शब्दांचं टेबल ठेवा: बोंडअळी = बोंड <-> अळी, साठवणूक = साठवण, मोझॅक = मोझाइक = मोझेक. बोंड आणि अळी यांच्यामधलं चिन्ह म्हणजे ‘लगेच शेजारी’. टीएस_रीराइट फंक्शन असं टेबल थेट वापरतं. पोस्टग्रेसमध्ये समानार्थी शब्दांची डिक्शनरी फाइल म्हणूनही ठेवता येते, पण भाड्याच्या क्लाउड डेटाबेसवर सर्व्हरच्या फोल्डरात फाइल टाकायची सोय सहसा नसते. टेबल कुठेही चालतं.

गाळताना सैल, क्रम लावताना कडक

ज्या क्वेरीने लेख निवडले तिच्यानेच क्रम लावला पाहिजे असा नियम नाही. @@ ला (लेख जुळतो का ते पाहणाऱ्या ऑपरेटरला) एक टीएसक्वेरी द्या, रँकिंगला दुसरी. सगळी गंमत इथे आहे.

निवडीसाठी सैल क्वेरी. १ किंवा २ शब्द असतील तर सगळे हवेत. ३ असतील तर निदान २. ४ किंवा ५ असतील तर निदान ३. ‘तिनातले दोन’ असं ऑपरेटर पोस्टग्रेसमध्ये नाही, पण (क & ख) | (ख & ग) | (क & ग) असं लिहिता येतं आणि जिन इंडेक्स ते वापरतो. ५ पैकी ३ च्या १० जोडण्या होतात, त्याही चालतात. ५ च्या पुढे शब्द गेले तर सगळ्यात जास्त लेखांत येणारे शब्द सोडून द्या. २ शब्दांना एकही निकाल आला नाही, तर मग | वर या, आणि ‘दोन्ही शब्द असलेले लेख नाहीत’ असं वाचकाला वर स्पष्ट लिहा.

आता क्रम. टीएस_रँक हे फंक्शन शब्द किती वेळा आला आणि कुठल्या वजनाच्या भागात आला हे पाहतं, पण तो शब्द सगळ्या लेखांत किती दुर्मीळ आहे हे त्याला माहीतच नसतं. एका लेखापलीकडे ते बघत नाही. समजा, १२,००० पैकी ‘कांदा’ ३,००० लेखांत आहे, ‘उपाय’ ४,८०० मध्ये, ‘फुलकिडे’ २४० मध्ये. ‘कांदा फुलकिडे उपाय’ असं शोधल्यावर ‘कांदा’ आणि ‘उपाय’ भरपूर वेळा आलेला भलताच लेख वर चढतो.

यावर इलाज साधा आहे. टीएस_स्टॅट फंक्शन प्रत्येक शब्द किती लेखांत आहे ते देतं. ते संथ आहे, म्हणून रात्री एकदा चालवून मटेरियलाइझ्ड व्ह्यूमध्ये (क्वेरीचा निकाल साठवून ठेवणाऱ्या टेबलात) ठेवा. शब्दाचं वजन = एकूण लेख भागिले त्या शब्दाचे लेख, याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. वरच्या आकड्यांनी ‘कांदा’ १.३९, ‘उपाय’ ०.९२, ‘फुलकिडे’ ३.९१, बेरीज ६.२२. ‘कांदा’ आणि ‘उपाय’ असलेल्या लेखाला २.३१, म्हणजे ६.२२ ने भागून ०.३७. ‘कांदा’ आणि ‘फुलकिडे’ असलेल्याला ५.३०, म्हणजे ०.८५. तिन्ही असले तर १. कुठला लेख वर यायला हवा ते सांगायला आता शेतीतज्ज्ञ नको.

हा ० ते १ मधला आकडा क्रमाचा कणा. त्यात दोन गोष्टी मिळवा:

– ०.३ गुणिले टीएस_रँक_सीडी, पण त्याला सगळ्या शब्दांची & वाली कडक क्वेरी द्या. हे फंक्शन शब्द एकमेकांच्या किती जवळ आहेत ते मोजतं. सगळे शब्द नसलेल्या लेखाला शून्य मिळतं, तेच हवं आहे. नॉर्मलायझेशन ३३ द्या: १ मुळे लांब लेखाचा फुकटचा फायदा कमी होतो, ३२ मुळे आकडा १ च्या आत राहतो.

– शीर्षकात शब्द त्याच क्रमाने शेजारी असतील तर ०.२.

हे गुणक सुरुवातीला धरायचे, पुढे आपल्या लेखांप्रमाणे हलवायचे. नॉर्मलायझेशन २ वापरायचा मोह होईल, कारण लांबीने सरळ भागणं तर्कशुद्ध वाटतं. प्रत्यक्षात दोन ओळींच्या सूचना सगळ्यांच्या वर जाऊन बसतात.

वजनांची यादी स्वतः द्यायची असेल तर क्रम उलटा आहे: डी, सी, बी, ए. मूळ आकडे ०.१, ०.२, ०.४ आणि १.०. ‘ए’ पहिला समजून १.० आधी लिहिला की शीर्षकापेक्षा मजकूर भारी ठरतो, आणि एरर काही येत नाही. क्रम विचित्र वाटला की आधी हे पाहा.

रँक बरोबरीत येणारे लेख नेहमी असतात, म्हणून शेवटी तारीख आणि मग आयडी यांवर क्रम लावा. ते केलं नाही तर पहिल्या पानावरचा लेख दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतो आणि एखादा कुठेच दिसत नाही.

वेग, आणि ठळक अक्षरं

रँक काढायला जुळलेल्या प्रत्येक लेखाचा टीएसव्हेक्टर डिस्कवरून वाचावा लागतो. लिमिट १० लिहिलं तरी क्रम ठरवायला सगळे जुळलेले वाचले जातात. १०० जुळले तर कळतही नाही, ५,००० जुळले तर वाचकाला कळतं. सैल क्वेरी फार सैल होऊ न देण्याचं हेही एक कारण. त्यातूनही जास्त जुळले तर आधी फक्त शब्दांच्या वजनांच्या बेरजेने ३०० लेख निवडा आणि टीएस_रँक_सीडी तेवढ्यांवरच चालवा.

निकालात जुळलेले शब्द ठळक दाखवणाऱ्या टीएस_हेडलाइनचा इथे उपयोग होत नाही. आपण शोधतोय ‘कांद’, मूळ मजकुरात आहे ‘कांद्याची’, आणि ‘सिंपल’ला दोन्हींचं नातं माहीत नाही. त्याऐवजी पानावर दाखवायच्या १० लेखांचा मजकूर ॲप्लिकेशनमध्ये शब्दाशब्दाने घ्या, प्रत्येकावर प्रत्यय कापणारं तेच फंक्शन चालवा आणि जुळला तर मूळ शब्द ठळक करा. आधी मजकुरातलं एचटीएमएल निष्प्रभ करायला विसरू नका.

चाचणी

लॉगमधून खरे ५० शोध काढा. प्रत्येकासमोर कुठला लेख पहिल्या तिनात यायला हवा ते विषय जाणणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. गुणक किंवा अपवाद बदलला की ही ५० ची यादी चालवा. एक शब्द दुरुस्त करताना दुसरे तीन मोडतात ते इथेच पकडलं जातं.

निकाल शून्य आलेले शोध वेगळ्या टेबलात ठेवा: वाचकाने लिहिलेले मूळ शब्द, सफाईनंतरचे शब्द आणि तारीख. आठवड्यातून एकदा चाळले की समानार्थी शब्दांच्या टेबलाला खाद्य मिळत राहतं. त्यात बरेच शोध रोमन अक्षरांत लिहिलेले निघतील, एकाच कांद्याची तीन-चार स्पेलिंगं. सगळं लिप्यंतर करणारं यंत्र बसवण्याआधी पिकं, किडी, रोग आणि खतं यांची शंभरेक नावं त्यांच्या रोमन रूपांसकट त्याच टेबलात टाकून पाहा. बाकीचं त्यानंतर किती उरतं ते पुढच्या आठवड्याचा लॉग सांगेल.